गाबोळी धरायला तीस वर्षे घेणारा मासा: न्यूझीलंडच्या समुद्र व मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

हेच पत्र इंग्रजीत आपल्या कार्यालयाकडे पाठवले आहे. ते मराठीत जाहीरपणे पुन्हा लिहीत आहे, कारण या देशात स्थायिक झालेली पुष्कळ मराठी माणसे येथे मतदान करतात, कर भरतात आणि मासळीच्या दुकानातून ऑरेंज रफी या खोल समुद्रातल्या माशाच्या काटे काढलेल्या पांढऱ्या तुकड्या घरी नेतात. पण तो मासा अखंड, डोक्या-शेपटीसह, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. आपले सरकार जे ठरवते ते त्यांच्याही नावाने ठरवते. म्हणून काय ठरले आणि ते कोणत्या जिवाविषयी ठरले, हे त्यांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावे, एवढाच यामागचा हेतू आहे.

पत्राला निमित्त २०२४ च्या फेब्रुवारीतले आहे. दक्षिण प्रशांत महासागरातील खुल्या समुद्राच्या मासेमारीचे नियमन करणाऱ्या प्रादेशिक संघटनेने २०२३ मध्ये असे मान्य केले होते, की प्रवाळ, स्पंज यांसारख्या सहज मोडणाऱ्या खोल तळावरच्या जीवसृष्टीपैकी किमान ७० टक्के भाग तळाच्या मासेमारीपासून सुरक्षित ठेवायचा. ऑस्ट्रेलियाबरोबर बसून हा प्रस्ताव घडवण्यात न्यूझीलंडच पुढे होते. वर्षभराने त्याची अंमलबजावणी ठरवण्याची वेळ आली, तेव्हा त्याच न्यूझीलंडने पाठिंबा काढून घेतला. या पाण्यात ऑरेंज रफीसाठी समुद्राखालच्या डोंगरांवर ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढायची पिशवीसारखी, जाळी ओढणाऱ्या बोटी जवळपास सगळ्या आपल्याच ध्वजाच्या आहेत, त्यामुळे हा नकार इतर कोणत्याही देशाच्या नकारापेक्षा जड होता. तो मला गप्प बसून स्वीकारता आला नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी एकोणीस वर्षे एका प्रयोगशाळेत माशांची वये मोजण्याचे काम केले. माशाच्या कवटीत, आतल्या कानात, चुन्याच्या द्रव्याचा एक लहानसा खडा असतो. शास्त्रात त्याला ओटोलिथ म्हणतात. आम्ही कामावर नुसते ‘खडे’ म्हणत असू. खडा रेझिनमध्ये बसवायचा, हिऱ्याच्या पात्याने त्याची पातळ चकती कापायची, ती प्रकाश आरपार जाईपर्यंत घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाआड एक येणारी उजळ आणि गडद वलये मोजायची, जशी कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर मोजतात. एकच चकती दोन जणांनी एकमेकांना न विचारता मोजायची आणि मग आकडे ताडून पाहायचे, अशी पद्धत होती. बऱ्याच माशांचे काम पाच-दहा वलयांत आटोपते. ऑरेंज रफीची चकती समोर आली की मात्र खुर्ची पुढे ओढून, हातातली बाकीची कामे बाजूला ठेवूनच बसावे लागे.

त्या चकतीत पहिली पंचवीस-तीस वलये ऐसपैस असतात. मग एका जागी ती एकाएकी बारीक आणि दाट होतात, इतकी की दोन वलयांमधली फट डोळ्यांना ताण दिल्याशिवाय दिसत नाही. ती जागा म्हणजे मासा वयात आल्याची खूण. तोवर त्याने खाल्लेले सारे शरीर वाढवण्यात खर्च केलेले असते. त्यानंतर ते अंडी आणि मिल्ट (नराचे वीर्य) तयार करण्याकडे वळते आणि वाढ जवळजवळ थांबते. त्या खुणेच्या पुढे मी कधी चाळीस, कधी नव्वद, तर कधी शंभराहून अधिक वलये मोजली आहेत. माझ्या मोजणीतला सर्वांत वयोवृद्ध मासा २००४ मध्ये पकडलेला होता आणि त्याचे वय दीडशेच्या पुढे भरले. म्हणजे १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या वैतांगीच्या करारावर सह्या झाल्या, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांच्या आत तो अंड्यातून बाहेर पडला असावा. त्याची लांबी माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतही नव्हती. अलीकडच्या मोजण्यांत या जातीची वये दोनशेच्या पलीकडे गेली आहेत. ही वये केवळ आमच्या नजरेवर अवलंबून नाहीत. खड्यातल्या रेडियम आणि शिशाच्या किरणोत्सारी प्रमाणावरून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९१ मध्येच ती स्वतंत्रपणे पडताळून पाहिली होती.

आपल्याकडे या माशाविषयीच्या फायली येतात त्या टनांच्या आकड्यांनी भरलेल्या असतात, म्हणून त्याच्या राहणीविषयी थोडे विस्ताराने लिहिते. नॉर्वेच्या रॉबर्ट कोलेट यांनी १८८९ मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. माओरी भाषेत त्याला निहोरोता म्हणतात. त्याच्या कुळातल्या माशांच्या डोक्यावर चिकट द्रवाने भरलेल्या नलिकांचे जाळे असते, त्यावरून इंग्रजीत त्यांना ‘चिकटडोके’ अशा अर्थाचे नाव होते. ऑरेंज रफी हे नाव विक्री सुरू झाल्यावर बाजारासाठी रूढ झाले. खरे तर तो नारिंगीही नाही. जिवंतपणी तो विटेसारखा गडद लाल असतो आणि मेल्यावर फिका पडत नारिंगी होतो. ज्या खोलीवर सूर्याचा लाल प्रकाश पोचतच नाही, तेथे लाल रंग म्हणजे काळाच, आणि हेच त्याचे लपणे. साधारण ७०० ते १,२०० मीटर खोलीवर, ३ ते ९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात त्याचे मुख्य वास्तव्य असते. त्या डोक्यावरच्या नलिकांनी तो पाण्यातली बारीकशी हालचाल टिपतो आणि कोळंबी, माकुळ, लहान मासे यांच्यावर जगतो.

त्याच्या वाताशयात, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीत, वायूऐवजी मेणासारखी चरबी असते. इतक्या दाबाखाली वायू सांभाळण्यापेक्षा पाण्याहून हलकी चरबी बाळगून तरंगणे त्याला सोयीचे पडते. त्याच्या मांसातले तेलही बहुतांश याच मेणाचे बनलेले असते आणि ते माणसाला पचत नाही, म्हणून कारखान्यात कातडीबरोबर तिच्याखालचा चरबीचा थर खोलवर काढावा लागतो. वायूच्या या अभावाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो थेट आपल्या टेबलावरच्या आकड्यांपर्यंत येतो. प्रतिध्वनीवरून मासे मोजणाऱ्या इको साउंडर या उपकरणाचा आवाज पाण्यातल्या वायूच्या पिशवीवरून जोरात परततो; ऑरेंज रफीच्या अंगावरून तो अगदी क्षीण परततो. त्याच थव्यात वायूचे वाताशय असलेले इतर छोटे मासे थोडे जरी मिसळलेले असले, तरी पडद्यावर त्यांचाच आवाज मोठा दिसतो आणि रफी आहेत त्यापेक्षा जास्त मोजले जाण्याचा धोका राहतो. आता अनेक कंपनसंख्या वापरणारी उपकरणे जाळ्याबरोबर खोल उतरवून ही चूक बरीच कमी करता येते. पण ती पूर्णपणे नाहीशी झालेली नाही, हे या क्षेत्रातला कोणीही आपल्याला सांगेल.

आता त्याच्या प्रजननाविषयी. मादी साधारण तिसाव्या वर्षाच्या आसपास पहिल्यांदा गाबोळी धरते. कोणी थोडी आधी, कोणी चाळिशीकडे झुकताना. तेव्हाही तिची अंडी एक किलो वजनामागे बावीस हजारांच्या आसपास असतात, आणि इतर खाद्य माशांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. प्रौढ माद्यांपैकी सगळ्याच दरवर्षी अंडी घालतात असेही नाही. जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात हे मासे दूरदूरहून ठरावीक जागी येतात, बहुतेकदा समुद्राखालच्या एखाद्या डोंगराच्या माथ्यावर किंवा उतारावर, आणि खांबासारखा उभा दाट थवा करून सगळे मिळून अंडी सोडतात. दोन मिलिमीटरहून किंचित मोठी ती अंडी वरच्या पाण्याकडे तरंगत जातात आणि दहा ते वीस दिवसांत फुटतात. त्या पिल्लांपैकी किती जगतील ते त्या वर्षीच्या समुद्रावर अवलंबून असते. चांगली पिढी निपजणारी वर्षे क्वचित येतात आणि अशा दोन वर्षांमध्ये लांबलचक भाकड काळ असू शकतो. दीर्घायुष्य हाच त्यावरचा त्याचा उपाय आहे. शंभर हिवाळे अंडी घालत राहिले तर त्यांतले काही तरी सत्कारणी लागतात. आपली जाळी नेमके हेच शंभर हिवाळे त्याच्याकडून काढून घेतात.

मी एकदाच त्या समुद्रावर गेले. न्यूझीलंडच्या पूर्वेला समुद्राखाली असलेल्या चॅथम राइज या उंचवट्याच्या पाहणीसाठी निघालेल्या एका जहाजावर खडे काढण्यासाठी माणूस कमी पडत होता. हिवाळ्यातली पहाट होती. जाळे वर आले तेव्हा डेकवरच्या दिव्यांत तो गडद लाल रंग पाहून मी क्षणभर सुरी हातात धरून नुसतीच उभी राहिले, कारण तोवर मी या माशाचे फक्त कान पाहिले होते. मोठे निस्तेज डोळे, हाडांच्या कडांनी भरलेले डोके, ओरखड्यासरशी निघून येणारे खवले. माशांबरोबर जाळ्याच्या खालच्या कडेत प्रवाळाच्या फांद्या अडकून आल्या होत्या, काही पांढऱ्या, काही मातकट. जहाजावरच्या शास्त्रज्ञाने त्यांचे वजन केले, नोंद केली आणि म्हणाला, ही मनगटाएवढी फांदी वाढायला कित्येक शतके लागली असतील. त्यानंतर तासभर आम्ही कोणीच फारसे बोललो नाही. त्या बोटीवरच्या खलाशांविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्या थंडीत, त्या लाटांत काम करणे सोपे नाही. हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांना कोठे जायची परवानगी आहे हे जे ठरवतात, त्यांना उद्देशून आहे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार काळाच्या हिशोबाची आहे. या देशात या माशाची मोठी मासेमारी १९७९ च्या सुमारास सुरू झाली. तेव्हा तो इतर माशांसारखा काही वर्षांत वयात येणारा आणि दोन-तीन दशके जगणारा असावा, अशी समजूत होती आणि पकडीच्या मर्यादा त्या समजुतीवर उभ्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडची पकड वर्षाला पन्नास हजार टनांच्या वर गेली होती. विणीच्या थव्यावर काही मिनिटे जाळे धरले की ते फुटायला येई, अशा गोष्टी जुने खलाशी सांगत. मग एकेक साठा, म्हणजे एकेका भागातली या माशांची एकूण संख्या, ढासळत गेला. न्यूझीलंडच्या पश्चिमेला समुद्राखाली असलेल्या चॅलेंजर पठारावरचा साठा मूळच्या तीन टक्क्यांच्या आसपास उरल्याचा अंदाज आला आणि २००० मध्ये तेथली मासेमारी बंद करावी लागली. २०१० मध्ये ती पुन्हा खुली झाली, आणि साठा सावरल्याचे उदाहरण म्हणून तेव्हापासून तिचा दाखला दिला जातो.

हा दाखला मला मान्य नाही, आणि कारण अगदी साधी बेरीज-वजाबाकी आहे. बंदीच्या दहा वर्षांत जन्मलेला सर्वांत मोठा मासा २०१० मध्ये दहा वर्षांचा होता. विणीच्या थव्यात यायला त्याला आणखी वीस वर्षे होती. तेव्हा २०१० च्या पाहणीत जे प्रौढ मासे दिसले, ते सगळे बंदीच्या पुष्कळ आधी जन्मलेले होते. त्यांतले बहुतेक तर मासेमारी सुरू होण्याच्याही आधीचे. ते दुसरीकडून आले असतील, आधीच्या पाहणीत नजरेतून सुटले असतील किंवा मासेमारीपूर्वीच्या चांगल्या वर्षांत जन्मून आता वयात आले असतील. पण बंदीमुळे ते जन्माला आले, असे म्हणता येणार नाही. तीच गोष्ट आजची. आज चॅथम राइजवर पहिल्यांदा अंडी घालणारी मादी १९९० च्या दशकात जन्मलेली आहे. १९८० च्या दशकात आपण प्रौढ माशांची जी प्रचंड संख्या बाहेर काढली, त्यांनी न घातलेल्या अंड्यांची उणीव विणीच्या थव्यात आत्ता कोठे उमटू लागली आहे. पुढची वीस वर्षे ती उमटत राहील, आज आपण काहीही केले तरी. मी १९९४ मध्ये या देशात आले. त्या हिवाळ्यात येथे जन्मलेले मासे नुकते कोठे वयात येत आहेत.

यावर असे सांगण्यात येते की आता आपल्याकडे चांगली गणिती प्रतिमाने आहेत. ती आहेत, आणि त्यांत आम्ही मोजलेली वलयेच घातली जातात. पण २०१४ च्या मूल्यमापनांनी साठे सावरत असल्याचे सांगितले, त्यावर मर्यादा वाढवण्यात आल्या, २०१६ च्या डिसेंबरमध्ये काही साठ्यांना शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळाले, आणि २०२३ मध्ये चॅथम राइजच्या पूर्व व दक्षिण भागाची मर्यादा पुन्हा मोठ्या प्रमाणात कापावी लागली. दहा वर्षांच्या आत असे दोनदा फिरावे लागत असेल, तर ज्या माशाची एक पिढी तीस वर्षांची आहे त्याच्या बाबतीत आपण फार घाई करतो आहोत, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. १९९६ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याचे कलम १० म्हणते की माहिती अनिश्चित, अविश्वसनीय किंवा अपुरी असेल तेव्हा निर्णय घेणाऱ्याने सावध राहावे, आणि माहिती नाही हे कारण सांगून संरक्षणाचे उपाय पुढे ढकलू नयेत. त्याच्या आधीचे कलम ९ मत्स्यव्यवस्थापनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या अधिवासाचे रक्षण करायला सांगते. ज्या डोंगराच्या माथ्यावर हे मासे पिढ्यान्पिढ्या विणीसाठी येतात, तो अधिवास विशेष महत्त्वाचा नसेल तर कोणता असेल? २०२४ मध्ये पाठिंबा काढताना उद्योगाचे नुकसान आणि नोकऱ्या यांचा विचार पुढे आला. तो विचार व्हायलाच हवा. पण खुल्या समुद्राच्या नियमांबाबत आपल्या देशाची भूमिका ठरवताना आपल्याच कायद्यातले सावधगिरीचे तत्त्व कोठे गेले, याचे उत्तर मला कोणत्याही निवेदनात सापडले नाही.

तिसरी तक्रार प्रवाळांची. हे मासे ज्या डोंगरांवर जमतात, तेथे वेगवान प्रवाहांमुळे अन्न भरपूर येते आणि म्हणूनच दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, पंख्यासारखे गॉर्गोनियन आणि स्पंज यांची दाट वस्ती असते. ट्रॉलच्या खालच्या दोरावर खडकांवरून घरंगळण्यासाठी जड चाके बसवलेली असतात, दोन्ही बाजूंना जाळे उघडे ठेवणारे टनावारी वजनाचे लोखंडी दरवाजे असतात, आणि एकाच डोंगरावर अशी ओढ पुन्हा पुन्हा होते. टॅस्मानियाच्या दक्षिणेला ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मासेमारी झालेले आणि न झालेले डोंगर शेजारी शेजारी ठेवून पाहिले: एका ठिकाणी सोलेनोस्मिलिया जातीच्या प्रवाळाचे रान, दुसऱ्या ठिकाणी उघडा खडक. तेथल्या काही डोंगरांना १९९९ मध्ये संरक्षण मिळाले. २०१८ मध्ये पुन्हा कॅमेरे उतरवले गेले, तेव्हा जे डोंगर आधी जास्त झिजले होते त्यांवर प्रवाळांची वस्ती परतल्याची चिन्हे फारशी नव्हती. वर्षाला मिलिमीटरच्या आसपास वाढणाऱ्या जिवाकडून वीस वर्षांत याहून वेगळी अपेक्षा करताही येत नाही. टॅस्मानियाच्या दक्षिणेला समुद्राखाली असलेल्या साउथ टॅस्मन राइज या उंचवट्यावर १९९७-९८ च्या हंगामात, मासेमारी नव्याने सुरू झाली तेव्हा, सुमारे चार हजार टन रफीबरोबर दीड हजार टनांहून अधिक प्रवाळ वर आल्याचा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे. दोन हंगामांनंतर प्रवाळाचा आकडा पुष्कळ उतरला. जाळी सौम्य झाली म्हणून नव्हे. तोडायला फारसे उरले नव्हते, हेच त्याचे सरळ कारण दिसते.

आणि तरीही २०१० पासून याच देशाच्या वन्यजीव कायद्याखाली काळे, दगडी आणि गॉर्गोनियन प्रवाळ संरक्षित आहेत. एखाद्या पाणबुड्याने त्यांची फांदी मुद्दाम तोडली तर तो गुन्हा ठरतो. मासेमारीत ती अनवधानाने जाळ्यात आली आणि तिची नोंद केली, तर ठरत नाही. ज्या डोंगरावर प्रवाळ आहे हे नकाशावरून आधीच माहीत आहे, तेथे दरवर्षी जाळे ओढताना ते तुटते, तेव्हा त्याला ‘अनवधान’ म्हणणे मला भाषेच्या दृष्टीनेही पटत नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. २००७ मध्ये आपल्या सागरी क्षेत्राच्या तीसेक टक्के भागात तळाच्या ट्रॉलिंगला बंदी घालण्यात आली आणि आपण पुरेसे केले असे सांगताना त्या आकड्याचा नेहमी उल्लेख होतो. पण त्या १७ क्षेत्रांचा फार मोठा भाग इतका खोल आहे की तेथे ट्रॉल जाळी जातच नव्हती आणि रफीही तेथे राहत नाही. या माशाच्या खोलीच्या पट्ट्यात, त्याच्या डोंगरांवर, किती टक्के जागा बंद आहे, तो आकडा सांगितला जावा. तुलनेसाठी, युरोपीय संघाने २०१० पासून आपल्या पाण्यात या माशाची मर्यादा शून्यावर आणली आणि २०१६ च्या नियमाने ८०० मीटरखाली तळाचे ट्रॉलिंग बंद केले. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये त्याला संरक्षणावर अवलंबून असलेल्या जातींच्या यादीत घातले. नामिबियात तर १९९० च्या दशकाच्या मध्याला सुरू झालेली ही मासेमारी काही वर्षांतच कोसळली. या सगळ्या अनुभवांनंतरही डोंगरांवरचे ट्रॉलिंग चालू ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय बैठकीत उभा राहणारा देश आपला असावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

दक्षिण प्रशांत संघटनेच्या येत्या बैठकीत न्यूझीलंडने ७० टक्के संरक्षणाच्या प्रस्तावाला पुन्हा पाठिंबा द्यावा, आणि त्याची अंमलबजावणी होईपर्यंत आपल्या ध्वजाच्या बोटींना खुल्या समुद्रातील सागरी डोंगरांवर तळाचे ट्रॉलिंग करण्याचे परवाने देऊ नयेत. दुसऱ्या देशांच्या संमतीची वाट न पाहता आपल्याला हे करता येते.

आपल्या स्वतःच्या सागरी क्षेत्रात रफीच्या विणीच्या ज्ञात जागा कलम ९ खालचा महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदवाव्यात आणि निदान जून ते ऑगस्ट या काळात तेथील मासेमारी थांबवावी. उद्योगाला हे जड जाईल हे मला माहीत आहे, कारण मासा एकवटलेला असतो तेव्हाच तो पकडणे परवडते. पण नेमके म्हणूनच ही मागणी महत्त्वाची आहे: थवा एकवटलेला असल्यामुळे साठा निम्म्यावर आला तरी जाळे पूर्वीसारखेच भरते आणि ऱ्हास पकडीच्या आकड्यांत उशिरा दिसतो.

कोणत्याही साठ्याची मर्यादा नव्याने मोजलेल्या वयांशिवाय वाढवू नये. नवी वये म्हणजे त्या साठ्यातून अलीकडे घेतलेले खडे, दोन स्वतंत्र वाचकांनी मोजलेले. दहा वर्षांपूर्वीच्या वयांवर चालवलेले प्रतिमान नव्हे. साठा मूळच्या २० टक्क्यांखाली गेल्याची शक्यता असेल, तर शंकेचा फायदा माशाला मिळावा.

प्रत्येक सफरीत वर आलेल्या संरक्षित प्रवाळांचे वजन आणि जागा वर्षअखेर एकत्र करून नव्हे, तर सफर संपल्यावर काही आठवड्यांत सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी.

आणि २०२४ च्या निर्णयात कलम १० चा विचार कसा झाला, ते लेखी कळवावे. ही मागणी सर्वांत लहान आहे आणि ती पुरी करायला पैसाही लागत नाही.

नवे मासेमारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते आणि त्याआधी आपल्यापुढे पुन्हा मर्यादांचे पर्याय ठेवले जातील. त्या आधीच्या कोणत्याही दिवशी, आपण सांगाल त्या वेळी, मी आपल्या कार्यालयात यायला तयार आहे. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या काही जुन्या चकत्या माझ्याकडे आहेत आणि एक साधा सूक्ष्मदर्शकही मी बरोबर आणीन. एका चकतीवरची वलये पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजायला सवय नसलेल्या माणसाला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ आपण काढावा आणि ती स्वतः मोजून पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
माशांची वये मोजणारी एक निवृत्त कर्मचारी